हात मागे!

लोकांना मदत न करण्याच्या बाबतीत आमच्या फील्डवर्कच्या मॅडमचा हात धरणारं कोणी मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत सापडणार नाही. गंमत म्हणजे मदत करायला शिकवणं हाच त्यांचा पेशा. ऑक्युपेशनल थेरपी शिकणाऱ्या आम्हा मुलींना त्या भांडुपच्या टेकडीवरच्या वस्तीत घरोघरी न्यायच्या. लकवा झालेल्या माणसाला आपलं आपण जेवता यावं, कपडे घालता यावेत, एवढ्यासाठी. कॉलेजातली महागडी साधनं त्यांना वर्ज्य. त्यांच्या बाजाराच्या पिशवीत लाटणं, कपड्यांचे चिमटे आणि नवऱ्याचा एक जुना शर्ट असायचा. कोणी "मॅडम, पेशंटची बोटं..." असं सुरू केलं, की त्या म्हणायच्या, "बोटं राहू देत. त्या माणसाला काय करायचंय ते सांग."

घरात शिरलं की आम्ही हात पाठीमागे बांधून उभं राहायचं, हा त्यांचा कायदा. "हात पुढे आला की मदत होते, आणि मदत झाली की माणूस कायमचा बसतो!" ही सवय त्यांच्या अंगात इतकी मुरलेली, की कँटीनमध्ये एखादीच्या बाटलीचं झाकण निघेना झालं की त्या खुर्ची ओढून समोर बसत आणि मॅच बघावी तशा रंगून बघत. बाटलीला हात लावतील तर शपथ!

भांडुपला एक मालवणी काका होते. लकव्याने उजवा हात गेलेला आणि एकच हट्ट: "नातीच्या साखरपुड्याक शर्ट माझो मी घालतलंय." त्यासाठी मॅडमच्या पिशवीतल्या जुन्या शर्टावर त्यांची किती दिवस तालीम चाललेली. साखरपुड्याच्या दिवशी आम्ही मुद्दाम गेलो. काका पहिल्याच बटणाशी झटत होते, खाली रिक्षा हॉर्न वाजवत होती. आमची वैशाली फार मऊ मनाची. तिला राहवलं नाही. तिने पुढे होऊन भराभर सगळी बटणं लावून दिली. काका शर्टाकडे बघत मटकन खाली बसले. मॅडम पुढे आल्या आणि नटूनथटून उभ्या असलेल्या अख्ख्या घरासमोर त्यांनी ती सगळी बटणं एकेक करून परत सोडली.

"अवो बाई, रिक्षा खाली उभी आसा!" काकी ओरडल्या.

"रिक्षावाल्याला पण वर बोलवा, बघू दे," मॅडम म्हणाल्या आणि दारात आडव्या उभ्या राहिल्या.

काकांनी बटणं लावली. एक चुकीच्या काजात गेलं, शर्ट एका बाजूने वर चढला. तसेच ते नवरदेवाच्या तोऱ्यात पायऱ्या उतरले. मॅडम भिंतीकडे तोंड करून चष्मा पुसत राहिल्या.

गेल्या महिन्यात मी त्यांच्या मुलुंडच्या घरी गेले. आता लकव्याने त्यांचाच उजवा हात तसा झालाय. बेल वाजवली तर आत कडी बराच वेळ खुडबुडत राहिली. "थांब गं, ढकलू नकोस!" दार उघडल्यावर पहिलं वाक्य, "चहा मी करणार. पुढच्या बॅचला भांडुपला न्यायचंय मला." पातेलं कलंडलं, निम्मा चहा ओट्यावर गेला. माझं पाऊल आपोआप पुढे पडलं.

"हात कुठेत?"

"मागे, मॅडम."

माझे डोळे भरून आले होते, ते पुसायलासुद्धा मी हात काढला नाही. शेवटी त्यांनी अर्धा कप माझ्यासमोर आणला.

"हं, आता कर हात पुढे."

मी कप धरला, पण त्याखालचा त्यांचा हात काही मला सोडवेना.