नामांकित

मर्लिनबाईंनी ओटीवर कागद मांडला, तेव्हा जयराम छिन्न्यांना तेल लावत बसला होता. गेल्या दोन वर्षांत त्या छिन्न्यांनी एकही अक्षर कोरले नव्हते. तरीही दर शनिवारी त्या फडक्याने पुसायच्या, त्यांवर खोबरेल तेलाचे बोट फिरवायचे आणि लांबीच्या क्रमाने गोणपाटात गुंडाळून ठेवायच्या, हा नेम त्याने मोडला नव्हता.

"जयरामकाका, आपल्या चर्चच्या धर्मग्रामाला पंचाहत्तर वर्षं होताहेत," बाई म्हणाल्या. "दफनभूमीत विसावलेल्या नामांकित माणसांची पुस्तिका काढायची आहे. कोण कुठे होतं ते तुमच्याशिवाय सांगणार कोण?"

बाईंचे म्हणणे खरे होते. वटारच्या बाजूच्या त्या गावातली दफनभूमी लहान आणि मरणारे पुष्कळ. ठरावीक वर्षे लोटली की कबर पुन्हा उघडायची, जुन्या अस्थी कोपऱ्यातल्या समाईक कुंडात ठेवायच्या आणि नावाची लादी घरच्यांच्या हवाली करायची, अशी तिथली रीत होती. घरी गेलेल्या लाद्यांचे पुढे काय होई ते देवालाच ठाऊक. त्यामुळे एकेका जागेवर आळीपाळीने कोण कोण निजून गेले याचा सगळा हिशेब एकाच माणसाच्या डोक्यात उरला होता, आणि तो माणूस ख्रिस्ती नव्हता. जयराम नायगावच्या खाडीकाठचा शेतकरी. चौथी पास. ख्रिस्ती देवळाच्या फरशीच्या कामावर लाद्या वाहायला गेलेला पोरगा तिथल्या मिस्त्रीच्या हाताखाली अक्षर कोरायला शिकला आणि पुढे अठ्ठेचाळीस वर्षे परक्या धर्माच्या माणसांची नावे दगडावर उतरवत राहिला.

"लिव बाय," त्याने डोळे मिटले. "पयली रांग. फाटकाच्या डाव्या अंगाला इनास. केल्यांचा व्यापारी. त्याच्या बाजूला मारूबाय, सुईन. तिच्या बाजूला पास्कोल. मंग एक लहान पोर, नाव नुसतं 'बाळ'. मंग..."

बाईंनी पाच नावे लिहिली आणि पेन थांबवले. "काका, हे पास्कोल कोण? यांनी काय केलं?"

"मेले."

"तसं नाही हो. काय केलं म्हणून त्यांचं नाव घ्यायचं?"

"मेले म्हणूनच घ्यायचं. त्याबिगर माझ्याकडं कोन येतंय का?"

बाई हसल्या. "अहो, पण मला नामांकितच हवेत. डॉक्टर, बँडमास्टर फ्लॉईड, असे."

"मंग मी काय सांगतंय? नामांकितच सांगतंय." जयरामच्या स्वरात थोडा राग आला. "तुझ्या बापानंच शिकवला मना हा शब्द. बोलले, जयराम, नामांकित म्हणजे ज्याचं नाव कोरलेलं आहे तो. तू ज्याला छिन्नी लावशील तो नामांकित."

मर्लिनबाईंचे वडील कॉन्रॅड सर गावच्या शाळेचे हेडमास्तर. त्यांनी हे थट्टेने म्हटले असणार हे बाईंनी ओळखले. जयरामने मात्र ते शब्दकोशाइतके प्रमाण मानून जन्मभर जपले होते. बाईंना त्याची चूक दुरुस्त करवेना. त्यांनी कागद उलटा केला आणि पहिल्या रांगेपासून सगळी नावे लिहून घ्यायला सुरुवात केली.

चौथ्या रांगेपर्यंत आल्यावर त्यांनी सहज विचारले, "आणि काकी? त्यांचं नाव कुठे कोरलंत?"

जयरामने डोळे उघडले. समोर खाडी होती, खाडीपलीकडे नव्या इमारतींची रांग होती. धोंडूबाईला जाऊन दोन पावसाळे झाले होते. तिची राख याच पाण्यात सोडली होती. ज्या माणसाने सहाशेहून अधिक माणसांना नामांकित केले, त्याच्या बायकोचे नाव रेशनकार्डाखेरीज कुठेही लिहिलेले नव्हते.

"आमच्यात रीत नाय," एवढेच तो म्हणाला आणि पाचव्या रांगेतले एकही नाव त्याला त्या दिवशी काही केल्या आठवेना.

*

कोरण्याच्या कामाला तीन हात लागतात, हे बाहेरच्यांना ठाऊक नसते. एक छिन्नीला, एक हातोडीला आणि तिसरा पाण्याला. धूळ उडू नये, कोरलेली रेघ दिसत राहावी, म्हणून टोकापाशी पाण्याची बारीक धार सतत हवी. जयरामचा तिसरा हात धोंडूबाई होती. दफनभूमीच्या भिंतीबाहेर विहीर होती. विहिरीजवळच्या जांभळीखाली लाद्या मांडलेल्या असत. धोंडूबाई पाणी शेंदायची आणि तांब्याने धार धरायची. फाटकाच्या आत ती सहसा जात नसे. "आपलं काय काम तिथं? ते निजलेलं असतात," असे म्हणायची.

तिला अक्षर येत नव्हते. लादी पुरी झाली की ती उरलेले पाणी तीवर ओतायची, ओला तळहात अक्षरांवरून फिरवायची आणि विचारायची, "कोन हाय ह्यो?"

जयराम नाव वाचून दाखवायचा. मग कोण, कुठला, कशाने गेला, मागे कोण आहे, सगळे तिला सांगावे लागे. ऐकून झाले की ती लादीला म्हणायची, "बस बाबा आता निवांत," आणि तांब्या पालथा घालायची. हा प्रश्न झाल्यावाचून एकही लादी फाटकाच्या आत गेली नाही.

तिच्या आधीची दोन भावंडे दगावली होती. दृष्ट लागू नये म्हणून हिचे नाव धोंडू ठेवले. तरुणपणी जयराम तिला चिडवायचा, "थांब, तुझंबी नाव कोरतंय दगडावर."

"माझं नाव कशाला कोरता? मीच धोंडा. कोरायचं तर माझ्यावर कोरा कोनाचं तरी!"

या थट्टेपायीच गोष्ट राहून गेली असावी.

*

बाई निघून गेल्यावर जयराम मागीलदारी गेला. तिथे कपडे धुण्याची जागा होती आणि त्या जागेवर दीड हात लांबीची एक संगमरवरी लादी पालथी बसवलेली होती. पन्नास वर्षे तिच्या पाठीवर साबण घासला गेला होता. पोट कुणी पाहिले नव्हते.

ती कॉन्रॅड सरांच्या आईची लादी. त्या वेळी सर नुकते शिक्षक झाले होते आणि जयरामचे नुकते लग्न झाले होते. लादीवर वरची ओळ कोरून झाली आणि खाली नाव घालायचे, तोच सर पाहायला आले. त्यांनी लादीकडे पाहिले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"जयराम, हा न कुठला?"

"आमच्या घरातला," जयराम बोलून गेला.

वरच्या ओळीत 'आठवनीत' असे कोरलेले होते. खाडीकाठच्या त्या घरांत पाणी नव्हते, पानी होते. कोण नव्हता, कोन होता. मग आठवणीतला ण तरी कुठून येणार? सर रागावले नाहीत. "माझी आई शाळेत गेली नाही. म्हणून तिच्या उशाशी चूक ठेवायची, असं होणार नाही," एवढेच म्हणाले. त्यांनी जयरामला विहिरीजवळच्या ओल्या मातीत बोटाने शंभर वेळा ण काढायला लावला. त्यानंतर जयरामच्या छिन्नीने आयुष्यात एकदाही चूक केली नाही. सरांची स्वतःची लादीही त्यानेच कोरली, आणि तीत तीन ण होते.

नाकारलेली लादी त्याने सायकलला बांधून घरी आणली. धोंडूबाईने विचारले, "काय लिवलंय?"

"आठवनीत."

"मंग चुकलंय कुठं?"

तिनेच लादी धुण्याच्या जागी पालथी घातली. शब्दावर धुणे आपटू नये, असे तिचे म्हणणे होते.

त्या दुपारी जयरामने पहारीने लादी उचकटली. पोटाशी माती आणि मुळे चिकटली होती. घासून धुतल्यावर ओळ दिसली. रंग उडाला होता, पण अक्षरे धारदार होती. खाली पन्नास वर्षांची कोरी जागा तशीच होती.

*

संध्याकाळी मुलगा भूपेश वालीवच्या कारखान्यातून घरी आला आणि मागीलदारचा खड्डा पाहून थबकला.

"बाबा, काय चाललंय? आता दिपिका कपडे कुठं धुनार?"

"तुझ्या आयेचं नाव कोरतंय."

"कुठं लावनार? घरात? लोक काय बोलतील, म्हातारा खुळावला. आपल्यात असलं काय नसतं."

"नसतं ते ठाव हाय मना."

वडिलांचे हात भूपेशला दिसत होते. चहाची बशी दोन्ही हातांनी धरली तरी सांडायची. तो मऊ आवाजात म्हणाला, "कोरायचंच असेल तर द्या इकडं. आमच्या बाजूच्या गाळ्यात मशीन आहे. दोन तासांत एकदम फर्स्टक्लास करून आनतो."

"मशीन इचारनार हाय का, कोन हाय ती?"

भूपेशला प्रश्न कळला नाही.

चार अक्षरे. पूर्वीचा अर्ध्या दिवसाचा खेळ. जयरामला अकरा दिवस लागले. पेन्सिलीच्या रेघा त्याने सात वेळा पुसल्या. बाटलीला भोक पाडून त्याने ती वर टांगली, पण धार कधी वेळेआधी सुटे, कधी भलतीकडे पडे. शेवटी डाव्या हाताने पाणी घालायचे, तांब्या ठेवायचा, छिन्नी घ्यायची, दोन ठोके मारायचे, पुन्हा तांब्या घ्यायचा, असा क्रम त्याने ठरवला. 'धों'वरचा अनुस्वार त्याने दोन दिवस न कोरता ठेवला होता. बिंदूला एकच ठोका असतो आणि तो चुकला तर दुसरा नसतो. तिसऱ्या दिवशी पहाटे, हात ताजे असताना, त्याने तो ठोका मारला.

लादी पुरी झाली. जयरामने सवयीने तीवर तांब्या ओतला, आणि थांबला. पाणी अक्षरांतून वाहून मातीत मुरले. कुणी काही विचारले नाही.

*

मर्लिनबाई उरलेल्या रांगा लिहायला आल्या, तेव्हा लादी ओटीवर भिंतीला टेकवलेली होती. त्यांनी वरची ओळ वाचली. बापाचा वसा त्यांच्यातही होता. नजर त्या अक्षरावर अडखळलीच.

"काका, न चा ण करता येईल ना? थोडं कोरलं की..."

"येईल."

"मग?"

"सर असते तर परत धाडली असती. पन ती आठवनच बोलायची बाय. ण तिनं कधी आयकलाबी नव्हता."

बाईंनी लादी कुठे लावायची, ते विचारले. जयरामने प्रथम सांगायचे टाळले, मग सांगितले. दुसऱ्या दिवशी त्या त्याला घेऊन फादर डिलन यांच्याकडे गेल्या.

फादर तरुण होते, पण नियमाचे पक्के. "काका, तुमचे उपकार मोठे आहेत. पण दफनभूमीत धर्मग्रामाबाहेरचं नाव लावता येत नाही. एकदा सूट दिली की..."

"आत नकोच फादर," जयराम घाईने म्हणाला. "आत ती कवा आली? ती विहिरीवरच असायची."

फादरांनी खिडकीतून बाहेर पाहिले. दफनभूमीची भिंत दिसत होती, भिंतीपलीकडे जांभूळ आणि जांभळीखाली विहिरीचा कठडा. जयरामने टोपी काढून हातात घेतली होती, ती तो मुठीत आवळत होता.

"विहीर भिंतीबाहेर आहे," फादर अखेर म्हणाले. "तिथं नियम नाही. फक्त शेवाळ आहे. तेवढं घासून घ्या."

भूपेशने रविवारी सिमेंट कालवले. लादी त्याने स्वतः कठड्यात बसवली, पातळी दोनदा पाहिली आणि मग म्हणाला, "आये इथं बसली असती तर बोलली असती, जरा डाव्या अंगाला घे." जयरामने मान हलवली आणि सिमेंट सुकायच्या आत लादी बोटभर डावीकडे सरकवली.

*

दोन नोव्हेंबर हा मृत भाविकांचा दिवस. गावातली आणि गाव सोडून मुंबईला गेलेली सगळी कुटुंबे त्या दिवशी येतात, क्रूस धुतात, झेंडूच्या पाकळ्या पसरतात, मेणबत्त्या लावतात. पाणी त्याच विहिरीचे. जयराम दुपारपासून जांभळीखाली बसला होता. लोक येत होते, बादल्या भरत होते. कठड्यावर ठेवलेली बादली हिंदकळली की पाणी लादीवरून ओघळायचे. अक्षरे ओली होऊन काळी दिसायची आणि वाऱ्याने पुन्हा वाळायची. कुणी वाचत नव्हते. जो तो आपल्या माणसाकडे निघालेला होता आणि जयरामला ते ठीकच वाटत होते. निदान तो स्वतःला तसे सांगत होता.

उन्हे कलली. गर्दी विरळ झाली. भूपेश घ्यायला यायचा होता.

पस्तिशीची एक बाई रिकामी बादली घेऊन आली. तिने बादली भरली, कठड्यावर टेकवली आणि दम खायला थांबली. सांडलेल्या पाण्याखाली तिला अक्षरे दिसली. ती वाकली. तळहाताने तिने लादीवरचे पान बाजूला सारले आणि हात तसाच अक्षरांवरून फिरवला.

"ण चुकलाय इथे," ती स्वतःशी म्हणाली. मग तिला जांभळीखालचा म्हातारा दिसला. "आजोबा, कोण हो ह्या?"

दोन वर्षांत त्याला हा प्रश्न कुणी केला नव्हता. जयरामने शेजारची जागा टोपीने झाडली.

"बस बाय," तो म्हणाला. "सांगतंय."