बायपासवाल्यांचा बाक

नायगावच्या मैदानाला लागून एक बाक आहे. सकाळचं चालून झालं की आम्ही चौघं तिथे टेकतो. चौघांचीही बायपास झालेली. बाकीची माणसं भेटली की "काय म्हणता?" विचारतात. आम्ही एकमेकांना विचारतो, "झाली का?" उत्तर 'हो' असेल तर त्या दिवशी त्या माणसाचा रुबाब बघावा! या बाकावर किस्से एवढे साठलेत की विचारू नका. म्हटलं, पोटातलं वेळेवर निघत नाही, निदान हे तरी बाहेर काढावं.

*

सुरुवात माझ्यापासून. मी गोदीतून रिटायर झालेला माणूस, क्रेनखाली उभा राहून कधी घाबरलो नाही. पण ऑपरेशननंतर त्या दुखण्याच्या गोळ्यांनी पोट असं बसलं की हृदय बाजूला राहिलं. रोज सकाळी नर्स यायची आणि भेटायला आलेल्या अख्ख्या खानदानासमोर मोठ्याने विचारायची, "अंकल, मोशन हुआ?"

व्याही मान खाली घालायचे. मी डोळे मिटून झोपल्याचं सोंग करायचो.

शेवटी एकदा सकाळी काम फत्ते झालं. बायकोला एवढा आनंद झाला की तिने थेट कणकवलीला वहिनीला फोन लावला. "वैनी, झाली गो एकदाची! लय कळा सोसल्यानी, पण झाली!"

आमच्या सुनेचे तेव्हा दिवस भरत आले होते. पलीकडून वहिनी ओरडली, "अगो बाय माझे! लक्ष्मी इली घरात! तोंडावळो कोणाचो?"

*

परब लालबागचे. पूर्वी गिरणीत होते, आता नातवंडं सांभाळतात. चाळीत संडास कॉमन, तेही उकिडवं बसायचे. डॉक्टरांनी बजावलेलं, छातीचं हाड जुळेपर्यंत जोर करायचा नाही, उठताना हातांवर भार द्यायचा नाही, कमोड वापरा. मग काय, चाळ कमिटीची मीटिंग झाली. एकमताने ठराव पास, टोकाच्या संडासात कमोड!

दुसऱ्या दिवशी परब टॉवेल खांद्यावर टाकून गेले, तर पुढे लाइन. चाळीतले सगळे दुखरे गुडघे त्यांच्याआधी येऊन उभे.

परब म्हणाले, "बायपास माझी आणि उद्घाटन तुमचा?"

त्यांना पुढे सोडलं खरं, पण काळजीही तेवढीच. परब आत गेले की दोन मिनिटांत कुणीतरी दार वाजवणार. "परबानू, बरे आसास मां?"

एकदा आतून आवाज आला, "बरो आसंय रे! येतच होती, तुझो आवाज आयकान परत गेली!"

*

देशपांडेबाई माटुंग्याच्या. कॉलेजात केमिस्ट्री शिकवायच्या, त्यामुळे औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षरही वाचणार. आहारवाल्या मॅडमनी त्यांना सांगितलं, इसबगोल घ्या आणि भरपूर पाणी प्या. हृदयवाल्या डॉक्टरांनी सांगितलं, पाणी मोजून प्या, पायाला सूज आहे. बाई दोघांच्या केबिनमध्ये तीनदा फिरल्या. प्रत्येक जण दुसऱ्याबद्दल म्हणे, "त्यांचंही बरोबर आहे."

शेवटी बाईंनी दोघांना कॉरिडॉरमध्ये समोरासमोर उभं केलं आणि म्हणाल्या, "तुम्ही ठरवा. मी इथे बसते. माझं पोट काही कुठे जात नाहीये!"

पाच मिनिटांत इसबगोल बंद, दुसरं औषध चालू. बाई अजून सांगतात, "बेस्ट कन्सल्टेशन म्हणजे कॉरिडॉर!"

*

कांबळे सर इथलेच, बीडीडी चाळीतले, आता रीडेव्हलपमेंटच्या नव्या टॉवरमध्ये. हायस्कूलचे हेडमास्तर होते. सर बोलायला उभे राहिले की आयोजक चहाला जाऊन येत, एवढं लांब भाषण.

एका जयंतीच्या कार्यक्रमाला सर प्रमुख पाहुणे. आदल्या रात्री सरांनी वैतागून डॉक्टरांनी दिलेल्या पावडरचा डोस स्वतःच्या मनाने वाढवला होता. रात्री काही नाही, सकाळी काही नाही. सर माइकपाशी गेले, म्हणाले, "बंधूंनो आणि भगिनींनो..." आणि थांबले. चेहरा गंभीर झाला.

"शिका. बाकी तुम्ही सुज्ञ आहात. जय भीम!"

आणि झपाझप स्टेजवरून उतरून गेले. हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट! त्या वर्षी सरांना सगळीकडून आमंत्रणं. प्रत्येक आयोजक म्हणे, "सरांसारखं नेमकं कुणी बोलत नाही."

*

आणि हा परवाचा. आम्ही बाकावर बसलेलो, तेवढ्यात समोरून एक उंच माणूस हळूहळू चालत आला. ट्रॅकसूट, छातीशी घट्ट धरलेली छोटी उशी. ती उशी आम्हाला लांबूनच कळते. खोकला आला की टाक्यांवर दाबायची.

कांबळे सर ताडकन उठले. "डॉक्टर!"

सरांची बायपास ज्यांनी केली, ते सर्जन. दादर-परळच्या निम्म्या घरांत त्यांचं नाव देवासारखं घेतात. त्यांचंच ऑपरेशन झालं होतं, त्यांच्याच एका विद्यार्थ्याने केलेलं. आम्ही सगळे उभे राहिलो. परबांनी तर चप्पल काढून नमस्कार केला.

डॉक्टर बसले. हवापाण्याच्या गप्पा झाल्या. परबांनी पायाची सूज दाखवली, बाईंनी गोळ्यांची नावं विचारली. डॉक्टरांनी सगळ्यांना नीट उत्तरं दिली. मग उशीची शिवण चाचपत बसले.

"सर," ते हळूच म्हणाले, "मी पेशंटना नेहमी सांगायचो, काही होत नाही, येईल आपोआप. पण आत बसलं की घाम फुटतो हो. वाटतं, जरा जोर केला आणि काही उसवलं तर? विद्यार्थ्याला फोन करायचा, तर लाज वाटते."

कुणी हसलं नाही. 

कांबळे सर सरकून डॉक्टरांच्या शेजारी बसले. खिशातून चष्मा काढला, पुसला, नाकावर चढवला.

"घाबरायचं नाही," सर म्हणाले. "आज कितवा दिवस?"