सिंहाची पाठ

सगळे तिला टाचणी म्हणायचे, आणि ते तिला कधी लागलं नाही. दिवसभर ओठांत टाचण्या धरून बोलायची आणि टाचण्या काढल्या की जास्तच टोचायची. मालिकांचे पोशाख बेतण्यात तिची अर्धी हयात गेली होती. आता हाती होती मेलेल्या माणसांच्या मायावी सर्कशीची मालिका. मालक राक्षस, विदूषकांच्या गळ्यातल्या झालरीला सुळे, झुल्यावरच्या पोरींना वटवाघळाचे पंख. तिच्या खोलीत दोऱ्याच्या रिळांपेक्षा लाल रंगाच्या बाटल्या जास्त झाल्या होत्या.

प्रत्येक भागात कुणीतरी मरायचं, आणि बहुतेक वेळा मरायचा तिचा धाकटा भाऊच. नटांच्या जागी पडणं, जळणं, मार खाणं हा त्याचा धंदा. कधी विदूषक होऊन गळा चिरून घ्यायचा, कधी पहिलवान होऊन हत्तीखाली जायचा. आईवडील गेल्यावर हिनेच त्याला लहानाचा मोठा केला होता. त्यामुळे तो मरणार असेल तो पोशाख ती दुसऱ्या कुणाला शिवू द्यायची नाही. अस्तराच्या आत कोपरांना, गुडघ्यांना, बरगड्यांना अशा गाद्या घालायची की बघणाऱ्याला पत्ताच लागू नये.

गाद्यांची गरज होतीच, कारण सर्कशीच्या मालकाचं काम करणारा नट खरोखर मारायचा. खोटं मारलं की तोंडही खोटं दिसतं, हे त्याचं शास्त्र. एका विदूषकाचं नाक त्याने फोडलं होतं, झुल्यावरच्या एका पोरीचा दंड काळानिळा केला होता. दिग्दर्शक वर त्याची पाठ थोपटायचा.

मग सिंहमाणसाचा प्रसंग आला. धाकट्याला सिंहाचं कातडं पांघरून मालकाचे फटके खायचे होते. दिग्दर्शकाला उपाशी सिंहाच्या बरगड्या दिसायला हव्या होत्या, म्हणजे गादी नकोच. टाचणी त्याच्याशी कडाकडा भांडली. शेवटी आयाळीखाली, पाठीच्या एकाच बाजूला गादी लपवायची परवानगी मिळाली. तालीम तिच्याच खोलीत झाली. ती भल्या मोठ्या आरशासमोर गुडघ्यांवर बसून एका विदूषकाची विजार आखूड करत होती, आणि तिच्या पाठीमागे नट फडक्याचा चाबूक करून धाकट्यावर हात साफ करत होता. फटके कुठे पडतात ते तिने आरशातच पाहिलं. माणूस आरशात बघायची तिला इतकी सवय झाली होती की मागे वळायचं तिच्या डोक्यातही आलं नाही. डाव्या खांद्याखाली तिने दुहेरी गादी शिवली.

चित्रीकरणाच्या वेळी तिनेच त्याचे हूक लावले. त्याने खांदा हलवून पाहिला. गादी भलत्याच बाजूला आहे हे त्याला तेव्हाच कळलं होतं, हे त्याने नंतर सांगितलं. पण पुकारा झाला होता, सगळे खोळंबले होते, आणि चारचौघांत ताईचं चुकलं म्हणणं त्याच्या जिवावर आलं.

पहिला फटका उजव्या बाजूला बसला. कातडं फाटलं आणि त्याखालचंही फाटलं. धाकटा ओरडला, ती ओरड कामातली नव्हती. टाचणीला एका क्षणात आरसा आठवला; त्यात उजवं ते डावं दिसलं होतं. दुसरा फटका त्याच जागी. दिग्दर्शक खूश होऊन हातानेच चालू दे म्हणत होता. तिसऱ्याला रक्त रिंगणाच्या भुशावर पडलं, आणि ते बाटलीतलं नव्हतं.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कॅमेऱ्यासमोरून ती तीरासारखी रिंगणात घुसली, नटाच्या हातचा चाबूक हिसकावला आणि त्याची जाड मूठ त्याच्या तोंडावर हाणली. एकदा नटासाठी, आणि नंतर कितीतरी वेळा बहुधा स्वतःसाठी. ओठ फाटला, दात निखळले, तो खाली पडला तरी ती मारतच होती. चौघांनी मिळून तिला ओढून बाहेर काढलं. काम अर्थातच गेलं. फाटकापर्यंत विदूषक तिच्या मागोमाग आले आणि बरं केलंत म्हणाले. ती ताठ मानेने घरी आली.

महिन्याभरात नट टाके घालून, नवे दात बसवून कामावर हजर झाला. सिंह लोकांना फार आवडला होता, त्यामुळे आता प्रत्येक भागात सिंहाला मार होता. धाकट्याला तिने काम सोड म्हणून परोपरीने सांगितलं. दुसरं काय येतं मला, एवढंच तो म्हणायचा. टाचणीच्या जागी आलेली बाई गरीब होती, दिग्दर्शक सांगेल तेवढंच शिवायची. दिग्दर्शकाने गादी सांगितली नव्हती.

एका संध्याकाळी तो घरी आला तेव्हा बनियन पाठीला चिकटून वाळलं होतं. टाचणीने कोमट पाणी आणलं आणि भिजवता भिजवता तोंडाचा पट्टा सोडला. त्या मेल्याचे उरलेले दातही तेव्हाच पाडायला हवे होते, जीव घ्यायला हवा होता त्याचा, काय नि काय.

धाकटा मान न वळवता म्हणाला, "ताई, तुझा हात मोकळा झाला. पाठ माझी होती."

तिने फडकं पुन्हा पिळलं, बनियनची कड दोन बोटांत धरली आणि सोडवायला सुरुवात केली.

"हळू," तो म्हणाला.