फाटकाच्या गाण्याचं शेवटचं कडवं

भंडाऱ्याजवळच्या वरठीत फाटकाचं गाणं माहीत नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही. वरात निघाली की पहिली फर्माईश त्याचीच होते. हळदीला बाया त्याच्यावर नाचतात. ज्या पोराला स्वतःच्या आजोबाचं नाव धड सांगता येत नाही, त्यालाही त्याची तिन्ही कडवी तोंडपाठ असतात. गाणं कोणाचं असं विचारलं, तर सगळे एका तोंडानं सांगतात, आपल्या गावच्या धर्मेंद्रचं. आणि त्याच वरातीपुढे, धुमाल बँडच्या गाडीवर, ढोल आणि भोंग्यांच्या मागे बसून एक पोट सुटलेला माणूस त्या गाण्याची धून क्यासिओवर वाजवत असतो. त्याचं नाव इश्वर. गाणं त्याचं आहे.

हे असं का झालं, ते सांगायचं तर त्याच्या बापापासून सुरुवात करावी लागते. तुलाराम हा खडी गंमतीचा, म्हणजे इकडच्या तमाशाचा, शाहीर होता. दिवाळी सरली की आपल्याकडे गावोगावी मंडईची जत्रा भरते, आणि मंडईत तुलारामाचा डफ वाजला नाही तर लोकांना मंडईला गेल्यासारखं वाटत नसे. त्याचं एक ठरलेलं होतं. गाणं कुठल्याही विषयाचं असो, शेवटच्या कडव्यात शाहिराचं नाव यायचंच. तो म्हणायचा, “बांधीले जसा धुरा, शेताले जसा बांध, तसं गान्याले नाव. नाव नाही ते गानं बेवारस.”

इश्वरला या सगळ्याची लाज वाटायची. फेटा, डफ, आणि शेवटी ‘तुलाराम म्हणे’ म्हणत छातीवर हात ठेवणं त्याला अगदी गावंढळ वाटे. त्याला टीव्हीवरच्या बँडसारखं व्हायचं होतं. मानेपर्यंत केस वाढवून त्यानं तीन मित्रांना गोळा केलं आणि ‘न्यू स्टार पॉप बँड, वरठी’ असा फलक रंगवून घेतला. जुना स्टार कुठला होता ते कोणी विचारलं नाही. गायला धर्मेंद्र होता, दिसायला देखणा आणि गळ्यानं गोड. गाणी मात्र सगळी इश्वरची. कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला जाताना सायकलवर तो ती मनातल्या मनात जुळवायचा. कागदावर त्यानं कधी एक ओळ उतरवली नाही. ती खोड मात्र बापाकडूनच आली होती.

फाटकाचं गाणं अशीच एका सकाळी सुचलेली गोष्ट. रेल्वेचं फाटक लागलेलं, मालगाडी काही संपेना, आणि पलीकडे सायकल धरून उभी असलेली एक मुलगी डब्यांच्या फटींतून दिसतेय, लपतेय. ‘फाटक लागलं वं पोरी, तू तिकडे, मी इकडे.’ तीन कडवी झाली, आणि चौथं नकळत आलं:

इश्वर म्हने तुलारामाचा,
गाडी गेली, उघडलं फाटक.
तू तं निंगून गेली पोरी,
मी उभाच इकडे.

घरी त्यानं ते बापाला म्हणून दाखवलं. तुलाराम तीन कडवी नुसता बसून होता. चौथ्याला त्यानं मांडीवर ताल धरला आणि आता गाणं झालं म्हणाला. झालं, तेवढ्यानं बिनसलं. बापाला आवडलं म्हणजे त्यात काहीतरी जुनाट असणार, अशी इश्वरची तेव्हाची समज.

चौघे नागपूरला रेकॉर्डिंगला गेले. रेकॉर्डिंगवाल्यानं चौथं कडवं घ्यायचं का म्हणून विचारलं. धर्मेंद्रही राहू दे म्हणाला. खोटं कशाला सांगा, तो राहू देच म्हणाला होता. नाही म्हणाला तो इश्वर. “काढून टाका ते. पॉपमधी कोनाचं नाव रायते का? आपन का खडी गंमत करून राहिलो?” दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात ते हे. चोरानं घर फोडलं असतं तर बोंब मारता आली असती. इथं मालकानंच दार उघडं टाकून दिलं.

सीडी आली, तिच्यावर बँडचं नाव आणि धर्मेंद्रचा गॉगल घातलेला फोटो. भंडाऱ्याच्या बस स्टँडावर ती दिवसभर वाजायची. इश्वर मुद्दाम बापाला पानठेल्यावर घेऊन गेला. तुलारामानं गाणं कान देऊन ऐकलं. तिसरं कडवं संपलं, वाद्यं थांबली, तरी तो थांबून होता. मग पानठेल्यावाल्यानं दुसरं गाणं लावलं.

“सरलं?” तुलाराम म्हणाला. “मंग हे कोनाचं हाय?”

इश्वर त्याच्यावर चिडला. तुम्हाला नव्यातलं काही कळत नाही, असं चार माणसांत बोलला. त्यानंतर तुलाराम पाच-सहा वर्षं जगला, पण त्या गाण्याबद्दल पुन्हा अक्षर बोलला नाही.

बँडचे दिवस चांगले गेले, पण थोडेच गेले. साकोलीपर्यंत शारदा उत्सवाचे कार्यक्रम मिळायचे, पोरी सही मागायच्या, आणि त्याही धर्मेंद्रचीच. मग दोघे पुण्याकडे नोकरीला गेले आणि धर्मेंद्र नागपूरला. तिथून त्यानं ते गाणं नव्या बाजानं मोबाइलवर सोडलं. गीत, संगीत, गायन, सगळं धर्मेंद्र. ते लाखो लोकांनी पाहिलं. इश्वर जाब विचारायला गेला, तेव्हा धर्मेंद्रनं त्याला चहा पाजला आणि समजावलं, की गाणं बँडचं होतं, बँडमध्ये आपणही होतो, आणि खरं सांगायचं तर ती फाटकाची ओळ मलाच सुचली होती. हे बोलताना तो जराही अडखळला नाही. खोटं पुष्कळ दिवस बोललं की ते आधी बोलणाऱ्यालाच पटतं. इश्वर चहा पिऊन परत आला. दाखवायला त्याच्याकडे काय होतं? एक कडवं, तेही लोकांनी कधी न ऐकलेलं.

एवढं असूनही तो गिळून बसला असता. पण घरात मेघा होती, त्याची एकुलती एक पोरगी. भंडाऱ्याला कॉलेजात जाते. लहानपणी ती शाळेत सांगत फिरायची, हे माझ्या बाबांचं गाणं आहे. पुढे मैत्रिणींनी मोबाइल तिच्या नाकासमोर धरला, त्यावर धर्मेंद्रचं नाव. पोरी खूप हसल्या. घरी येऊन तिनं बापाला एकदाच विचारलं, आणि त्यानं सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि हो म्हणाली. ते हो कसलं होतं ते बापाला कळलं. लेकीनं भांडण केलं असतं तर बरं वाटलं असतं. विश्वास न ठेवताच ती त्याला समजून घ्यायला लागली होती, आणि ते त्याला फार लागलं.

यंदाच्या मंडईला गावानं खडी गंमत बंद करून धर्मेंद्रचा लाइव्ह शो ठेवला. ज्या पारापाशी तुलाराम उभा राहायचा, तिथेच स्टेज. इश्वर जाणार नव्हता. बायको रुपा जाऊ नका म्हणत होती. पण मेघा निघाली, म्हणून तोही निघाला.

शेवटी फाटकाचं गाणं झालं, सगळं मैदान नाचलं, आणि धर्मेंद्रची नजर इश्वरवर पडली. त्यानं माइकवरून हाक मारून त्याला वर बोलावलं. हे आमचे इश्वरभाऊ, सुरुवातीला आमच्यात क्यासिओ वाजवायचे, असं सांगून शाल आणि नारळ दिला. टाळ्या पडल्या. समोर चौथ्या-पाचव्या रांगेत मेघा उभी होती. इश्वरनं माइक हातात घेतला.

गाणं मी केलं, असं चार शब्दांत सांगता आलं असतं. पण ऐन वेळी रक्त बापाचंच निघालं. शाहिराचा पोरगा मालकी सांगतो ती गाऊनच. वाद्यं बंद होती. त्यानं नारळ काखेत धरला, छातीवर हात ठेवला आणि तसंच चौथं कडवं म्हटलं. इतक्या वर्षांनी, बापाच्या जागेवर, बापाच्या नावासकट.

मग कोणीतरी शिटी मारली आणि पोरं हसली. पुढे बसलेला एक म्हातारा, तुलारामाच्या डफामागं झील धरून साथ केलेला, शेजाऱ्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाला, “दुसऱ्याच्या गान्यात आपलं नाव घालते हा. याचा बाप असा नव्हता.”

धर्मेंद्र मात्र मोठ्या मनाचा. त्यानं इश्वरच्या खांद्यावर हात टाकला. “वा इश्वरभाऊ! आपल्या गान्याले भाऊनं नवीन कडवं जोडलं. टाळ्या पाहिजे यायच्यासाठी.” टाळ्या पडल्या. हात दाखवून अवलक्षण ते हेच. आतापर्यंत गाणं गेलं होतं, नाव तरी घरात होतं. आता ते नावही धर्मेंद्रनं इश्वरच्या पदरात टाकलं, भिकेसारखं.

परतताना बापलेक पायीच निघाले. शाल मेघानं हातावर घेतली होती. तो वाट बघत होता, ती काय म्हणते याची. लोक काहीही म्हणोत, हिनं ऐकलं आहे, हिला कळलं असेल, एवढीच त्याची आस होती. फाटकापाशी आले तर फाटक लागलेलं. दोघे थांबले.

“बाबा, ते शेवटचं कडवं चांगलं होतं,” मेघा म्हणाली. “पूर्ण गाण्यात तेच भारी वाटलं मले.”

इश्वरनं तिच्याकडे पाहिलं. तिच्या तोंडावर माया होती. खरीखुरी माया.

“तेवढं तं तुम्हीच केलं ना?”

गाडी यायला अजून अवकाश होता. त्यानं नारळ या हातातून त्या हातात घेतला.

“हो,” तो म्हणाला. “तेवढं माझंच.”