दाजींची सरासरी

सगळ्या सुरतेत सरासरीला आमच्या दाजींइतका जीव कुणी लावला नसेल. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. पर्वत पाटियाकडच्या एका लूमच्या कारखान्यात ते मास्तर होते. सगळ्या मागांवरचं कापड मोजायचं, बेरीज करायची, मागांच्या संख्येनं भागायचं आणि शेठला त्याच्या गुजरातीत ‘सरेराश’ सांगायची, हे त्यांचं रोजचं काम. कारखान्यात ते ठीक होतं. पण हा माणूस तीच विद्या घरी घेऊन यायचा, तिथं सगळा घोळ. धाकट्याला सहा नंबरची चप्पल लागे, थोरल्याला आठ. दाजींनी सातचे दोन जोड आणले. एक पोरगा लंगडत शाळेत गेला, दुसरा चप्पल फरफटवत. "बेरीज करून बघ, चौदाच येतात," दाजी मला म्हणाले. माझी भाची लता एकदा तापानं फणफणली, तर या गृहस्थांनी घरातल्या पाचही जणांच्या काखेत थर्मामीटर लावून पाहिला आणि जाहीर केलं, "तसा घराला फारसा ताप नाही." संध्याकाळी ताईनं दाजींचं ताट मांडलंच नाही. "मी दोन ताटं जेवले. आलं ना दोघांच्या वाट्याला एकेक?" दाजी उपाशी झोपले, पण बायकोला सरासरी समजली म्हणून खूशच होते.

पुढे या लताचंच लग्न अडलं. मुलगा जळगावचा, तिला मनापासून पसंत. त्याच्याकडचे म्हणत, लग्न आमच्या दारी. ताई म्हणे, आमचा सगळा गोतावळा आता सुरतेत, तो सोडून पोरीला कशी उजवू? बोलणी इतकी ताणली की सोयरीक मोडायची वेळ आली. लता आत बसून डोळे पुसत होती. दाजींनी रेल्वेचं वेळापत्रक काढलं, सुरत-जळगाव अंतराला दोननं भागलं आणि बैठकीत सांगितलं, "नंदुरबार."

"अहो, पण तिथं आपलं कोण आहे?" मी विचारलं.

"कुणाचंच कोणी नाही. मग मान कमी कुणाचा होतो?"

मुलाचे वडील विचारात पडले, मग चक्क हसले. लग्न नंदुरबारच्या एका धर्मशाळेत लागलं. जेवणाचं काय सांगू? दाजींनी जळगावचं तिखट आणि सुरतेची साखर यांची सरासरी काढून वांग्याची भाजी करवली होती, आणि दोन्हीकडच्या वऱ्हाडानं तिला एकदिलानं नावं ठेवली. व्याह्याव्याह्यांची पहिली एकी त्या भाजीवरच झाली.

संध्याकाळी स्टेशनवर आलो. रूळ एकेरी, म्हणून दोन्ही गाड्या क्रॉसिंगला समोरासमोर उभ्या. लता जळगावच्या गाडीत बसली, आम्ही सुरतच्या. दाजी काही चढेनात. मी खाली उतरलो. म्हटलं, "दाजी, चला."

"पोरगी तिकडे चालली, घर इकडे," ते म्हणाले. "सरासरी काढली तर मी इथंच थांबायला पाहिजे."

मी हसलो, तेही हसतील या आशेनं. ते हसले नाहीत. लताची गाडी हलली, तसे ते तिच्या खिडकीसोबत थोडं चालले आणि फलाट संपला तिथं उभे राहिले. शेवटी ताई उतरली, तिनं त्यांचा दंड धरला. "आते चला," ती आमच्या अहिराणीत हळूच म्हणाली, "आपली गाडी सुटी जाई." ती स्वतः रडत होती. मला दोघांचंही फार वाईट वाटलं.

सुरत येईपर्यंत दाजी खिडकीशी बसून होते, आणि त्यांनी कसलाही हिशेब केला नाही.