विमा एकीचा, फोटो जावेचा

नगरपंचायतीच्या सफाईच्या ठेक्यावर मी मुकादम होतो. ठेकेदाराने प्रत्येक कामगाराचा आरोग्य विमा काढावा, नाहीतर बिल निघणार नाही, असा नियम नगरपंचायतीने काढला. ठेकेदार माझ्यावर खेकसला, मी कामगारांवर खेकसलो. आमच्याकडे नियम असाच खाली उतरतो.

कार्डासाठी फोटो काढायचं काम माझ्याकडे आलं. मी समाजमंदिराच्या भिंतीवर पांढरी चादर ठोकली, पावडरचा डबा ठेवला आणि नावं पुकारून एकेकाला खुर्चीवर बसवलं. चादरीची सुरकुती दिसू नये म्हणून इतका जीव ओतला की दुपार झाली. फोटो झकास आले. बायकांनी घरी लावायला मागितले.

दिवस रोवण्याचे, म्हणजे भातलावणीचे होते. धानाचं रोवणं लागलं की निम्मे कामगार शेतावर बांधीत जातात आणि झाडायला घरातलं कुणीतरी बदली पाठवतात. बदलीवाला हजेरीला मूळ माणसाच्याच नावाने 'हजर' म्हणतो. तोंडाला धुळीसाठी फडकं असतंच. मी झाडू मोजायचो आणि टिक मारायचो. यात कुणाला काही वावगं वाटत नसे, मलाही नाही.

तीन महिन्यांनी आमच्या एका सफाईवाल्या बाईच्या पित्ताशयात खडे निघाले. ऑपरेशनला उशीर करू नका, असं डॉक्टरांनी बजावलं. "कार्ड आहे ना, घाबरायचं कशाला?" असं तोऱ्यात सांगून मी तिला गोंदियाला नेलं. सोबत तिची जाऊ होती.

दवाखान्याच्या खिडकीवर कार्ड दिलं. आतून नावाची हाक आली आणि जाऊ सवयीने म्हणाली, "हजर." नर्सने कार्डावरचा फोटो पाहिला, जावेचं तोंड पाहिलं आणि तिला नेऊन खाटेवर आडवं केलं. खरी पेशंट पोट धरून बाकावरच.

"मले काई नाही झालं जी," जाऊ ओरडली.

"सब ऐसाच बोलते," नर्स म्हणाली.

मी आत धावलो आणि जावेलाच झापलं, "तू फोटोले काऊन बसली?"

"तुमी तिचं नाव पुकारलं. तिच्या नावानं रोज हजर मी म्हनतो, त फोटोले दुसरं कोन बसन?"

फोटो बदलायचा तर मुकादमाने चूक आपली असल्याचं लिहून द्यायचं होतं. माझी नोकरी डोळ्यांपुढे आली. उद्या पाहू, ठेकेदाराला विचारू, असं मी पुटपुटायला लागलो. बाकावरून ती कण्हत म्हणाली, "भाऊ, खडा माह्या पोटात हाय, ठेकेदाराच्या नाही."

मी लिहून दिलं. खिडकीवरच्या बाबूने कागद वाचून विचारलं, "कितने साल से काम करती है आपके पास?"

"सहा वर्षं."

त्याने जावेच्या फोटोचं कार्ड माझ्यापुढे सरकवलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

फोटो बदलला, चौथ्या दिवशी ऑपरेशन झालं, खडे निघाले. नोकरीही वाचली, कारण ठेकेदाराला दुसरा मुकादम मिळाला नाही. मी केळी घेऊन भेटायला गेलो. वॉर्डात सगळ्या बायका सारख्याच हिरव्या कपड्यांत. मी खाटेजवळ जाऊन आपुलकीने विचारलं, "आता कसं वाटून राहिलं बाई?"

बाजूच्या खाटेवरून आवाज आला, "मी इकडं हाव, भाऊ."