उचललेलं गीत

आमच्या मंडळीत गीत उचलतात. पेटीवर चाल वाजते, पुढच्या बाकावरून एक जण पहिली ओळ एकट्याने म्हणतो आणि दुसऱ्या ओळीला सगळं चर्च त्याच्यामागे येतं. एकदा उचललेलं गीत मध्येच खाली ठेवायचं नाही, हा आमच्याकडचा नियम. सूर फार वरचा लागो की तबला भरकटो, शेवटच्या कडव्यापर्यंत जायचं. हे कुठे लिहिलेलं नाही, पण लग्न होऊन मी इथे आले तेव्हापासून ते मोडलेलं पाहिलं नाही.

गीत उचलतात माझे सासरे. त्यांना मी बाबा म्हणते. सातपूरच्या एका कारखान्यात फिटर होते, आता निवृत्त आहेत, आणि मंडळीचा कारभार पाहायला निवडून दिलेल्या वडिलांपैकी एक आहेत. पेटी मी वाजवते. बाबांचा आवाज खणखणीत, पण चालींच्या बाबतीत डोक्यात नुसता गोंधळ. सगळ्या चाली एकमेकींत मिसळून बसलेल्या. म्हणून मी आधी पेटीवर चाल धरायची आणि त्यांनी ती पकडायची, अशी आमची जोडी. घरी मी त्यांना यावरून चिडवायचे. "बाबा, पेटी नसती ना, तर तुम्ही नाताळात गुड फ्रायडेची गीतं गायली असती." तेही हसायचे.

त्या रविवारी मी पेटीवर नव्हते. माझ्या हातात माझी मुलगी होती. तिचा बाप्तिस्मा होता, आणि मंगळवारी तिच्या हृदयाचं ऑपरेशन.

जन्मतःच तिच्या हृदयाला छिद्र होतं. डॉक्टरांनी वजन वाढायची वाट पाहिली. ते वाढेना, मग म्हणाले, आता थांबण्यात अर्थ नाही. ती रडली की ओठ निळे पडायचे. तिला रडू द्यायचं नाही एवढ्या एकाच कामात माझे दिवस जात होते. दारावरची बेल काढून ठेवली होती, कुकरची शिट्टी व्हायच्या आत गॅस बंद करायचे, भाजीवाल्याला गल्लीच्या तोंडाशीच गप्प करायचे. घाबरलेलं माणूस खाष्ट होतं. मी झाले होते.

पाळकसाहेब म्हणाले होते, "घाई कशाला? बाप्तिस्मा झाला नाही म्हणून देव लेकराला टाकत नाही. आपली शिकवण तशी नाहीच." त्यांचं बरोबर होतं. आम्ही प्रेस्बिटेरियन माणसं हे लहानपणापासून ऐकतो. तरी मी हट्ट धरला, ऑपरेशनच्या आधीच करायचा. का, ते कुणी विचारलं नाही. गार पाण्याने ती दचकू नये म्हणून पाळकसाहेबांनी घरून थर्मासमधून कोमट पाणी आणलं.

मी नि माझा नवरा पुढे जाऊन उभे राहिलो. बाप्तिस्म्याला आमच्याकडे एक ठरलेलं गीत आहे. मेंढपाळ कोकराला उचलून छातीशी धरतो, असा त्याचा अर्थ. त्याला दोन चाली आहेत. एक नाचरी, तबल्यावर रंगणारी, ती बाप्तिस्म्याची. दुसरी संथ, पाय ओढत चालल्यासारखी. ती फक्त अंत्ययात्रेत म्हणतात, घरापासून कब्रस्तानापर्यंत. शब्द दोन्हीकडे तेच. चर्चच्या आत ती दुसरी चाल मी कधी ऐकली नव्हती.

बाबा उभे राहिले. पेटीकडे पाहिलं, तिथे कुणी नव्हतं. त्यांनी डोळे मिटले आणि गीत उचललं, कब्रस्तानाच्या चालीत.

पहिली ओळ संपली. दुसऱ्या ओळीला कुणीच येईना. बाबा एकटेच पुढे गात गेले, डोळे मिटलेलेच. पाळकसाहेबांनी मान वर केली. तबला वाजवणाऱ्याने हात मांडीवर ठेवले. मला वाटलं, आता कुणीतरी थांबवेल. आणि मग बायकांच्या बाजूने एक आवाज त्यांना जाऊन मिळाला, त्याच्यामागे दुसरा, आणि बघता बघता सगळी मंडळी त्या चालीत गायला लागली. हळू, माना खाली घालून, त्या वाटेवर गातात तशीच.

मुलगी रडेना. एवढ्या लोकांत, एवढ्या आवाजात ती रडायला हवी होती. जिच्या रडण्याचा मी इतका धसका घेतला होता, तिने आता रडावं म्हणून मी देवाला विनवत होते. तिने डोळे मिटले. मी तिच्या नाकाखाली बोट धरलं. श्वास बोटाला लागतोय की नाही, कळेना. एकेक कडवं सरता सरत नव्हतं. बंद करा म्हणून ओरडावंसं वाटत होतं. नवऱ्याने माझा दंड धरून ठेवला होता.

कपाळावर पाणी पडलं तेव्हा तिने डोळे उघडले आणि ओठ चाटले.

नंतर चहा आणि केक झाला. लोक येऊन तिच्या पायाला हात लावत होते, मला धीर देत होते, पण चालीबद्दल चकार शब्द नाही. बायकांच्या बाजूच्या त्या पहिल्या आवाजाला मीच गाठलं. ती कळवणकडची निवृत्त नर्स, सगळ्या मंडळीची मावशी.

"मावशी, चाल चुकली हे तुम्हाला कळत होतं. तरी तुम्ही गायलात?"

"मंग काय करायचं बाई? त्या वाटंवर म्हाताऱ्याला एकट्याला सोडायचं व्हतं का?"

मला भयंकर राग आला. म्हाताऱ्याला सांभाळलंत आणि माझ्या पोरीला त्या वाटेला लावलंत, असं तोंडावर आलं होतं, ते गिळलं. अपशकुन वगैरे आम्ही मानत नाही. मंगळवारपर्यंत मी हे स्वतःला सारखं बजावत होते. बाबांशी मी बोलणंच टाकलं.

मंगळवारी सकाळी तिला आत नेलं. नवरा रक्तपेढीत गेला होता. ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर बाबा नि मी दोघंच उरलो. मंडळीतली माणसं खाली आवारात प्रार्थना करत होती. वर येऊ नका असं मीच सांगितलं होतं. कुणी गायला लागलं असतं तर मला सहन झालं नसतं. बसून बसून शेवटी मला राहवेना.

"बाबा, तीच चाल का?"

"डोक्यात तीच चालू होती गं. तुम्ही ऑपरेशनची तारीख घेऊन आलात ना, तेव्हापासून. दाढी करताना तीच, चालायला गेलो तरी तीच." मग अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "मी तिला आधीच पोचवून आलो होतो."

मला त्यांचा राग यायला हवा होता, पण आला नाही. बाप्तिस्म्याचा पांढरा फ्रॉक घेताना दुकानदार म्हणत होता, ताई, वाढत्या अंगाचा घ्या, वर्षभर चालेल. आमच्या घरात लेकराला अगदी मापाचा कपडा कुणीच घेत नाही. मी मापाचा घेतला होता. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, ते बाबांना सांगितलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला. आत ती जिवंत होती आणि बाहेर आम्ही दोघं दुखवट्याला बसलो होतो.

दार उघडलं. डॉक्टर आमच्यासमोर येऊन थांबले, तोंडावरचा मास्क खाली केला आणि काहीतरी बोलले. माझे कान बंद झाले होते. बाबा उठले, डॉक्टरांपुढे हात जोडले आणि म्हणाले, "प्रभूची इच्छा, साहेब. तुम्ही तुमच्याकडून सगळं केलंत."

डॉक्टर गोंधळले. "अहो आजोबा, मुलगी चांगली आहे. ऑपरेशन नीट झालंय."

हे मी ऐकलं. तरी त्यांची बाही धरून मी ते पुन्हा सांगायला लावलं, आणि मग आणखी एकदा. बाबा हात जोडूनच उभे होते. ते खाली घ्यायचं त्यांना सुचत नव्हतं.